कॅज्युअल्टीत कधी जावे, कधी ओपीडीत

रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत, म्हणजे तातडीच्या विभागात, आधी आला त्याला आधी तपासतात असे नाही. नाडी, श्वास, रक्तदाब आणि शुद्ध पाहून रुग्ण लाल, पिवळ्या की हिरव्या गटातला हे ठरते. लाल गटातल्याला लगेच आत घेतात; हिरव्यातल्याने थांबायचे असते.

प्रस्तुत लेखकाने एका नातेवाइकासोबत अशी रात्र काढली आहे. रक्तदाबाच्या गोळ्या शनिवारी संपल्या, रविवारी ओपीडी बंद, म्हणून रात्री केसपेपर काढला. दाब थोडा चढलेला, बाकी त्रास काही नाही. तेवढ्यात छातीत कळ आलेला, घामाने भिजलेला माणूस आला आणि तिथला एकुलता डॉक्टर त्याच्याकडे धावला. तेच योग्य होते. पहाटे हाती आली ती त्याच गोळ्यांची चिठ्ठी, खाली ‘ओपीडीत दाखवणे’.

अशा फेऱ्यांचे मूळ पुष्कळदा दिवसाच्या अडचणीत असते. सकाळच्या ओपीडीसाठी खाडा केला की मजुरी बुडते. मग दुखणे अंगावर काढले जाते. म्हणून संध्याकाळी उघडे असणारे दवाखाने फार मोलाचे. मुंबईत महापालिकेने २०२२ मध्ये सुरू केलेल्या ‘आपला दवाखाना’ची वेळ त्या दृष्टीने सोयीची आहे. जावे की थांबावे हे कळेना, तर महाराष्ट्रात १०४ क्रमांकावर सल्ला मिळतो. रोजच्या गोळ्या आठवडाभर पुरतील एवढ्या उरल्या की नवी चिठ्ठी घ्यावी. ड्रेसिंग, जुनी पाठदुखी, सर्दी-खोकला ही ओपीडीची कामे.

मात्र गर्दीच्या संकोचाने कोणी घरी थांबू नये. छातीत दाबल्यासारखे दुखणे, धाप, झटके, न थांबणारा रक्तस्राव, सर्पदंश यांत रुग्णवाहिकेसाठी थेट १०८ ला फोन करावा. तोंड वाकडे झाले किंवा एका बाजूचा हात लुळा पडला तर तो पक्षाघात असू शकतो; त्यात मेंदूतली गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. ‘सकाळी बघू’ म्हणण्यात ती वेळ निघून जाते. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला तर तेही तातडीचेच. मोठ्यांचा साधा ताप दिवसा दाखवता येतो, पण डेंग्यूत ताप उतरताना धोका वाढतो. त्या वेळी पोटात जोराने दुखू लागले, उलट्या थांबेनात किंवा हिरड्यांतून रक्त आले, तर रात्र असली तरी कॅज्युअल्टीच गाठावी.