पहिली दोन मिनिटं

प्रश्न : आम्ही कॉलेजसाठी दहा मिनिटांची फिल्म करतोय. एडिटिंग शिकायला सुरुवात कुठून करावी? आणि फिल्मची सुरुवात कशी ठरवावी?

उत्तर : विद्यार्थ्यांच्या निम्म्याशिम्म्या फिल्म गजराच्या घड्याळाने सुरू होतात. मग ब्रश, आरसा, चहा. हे सगळं खुशाल कापावं.

'कोर्ट' (2014) पाहावा. दिग्दर्शक चैतन्य ताम्हाणेंचा नारायण कांबळे आधी घरी मुलांची शिकवणी घेताना दिसतो, मग बसमधून निघतो, मंचावर गातो आणि तिथेच पोलीस येतात. कॅमेरा लांब, बहुधा स्थिर, कट मोजकेच. तरीही माणूस, त्याचं काम आणि संकट तिन्ही कळतात, आणि कुणी काही समजावून सांगत नाही. 'फँड्री'त (2013) जब्या गलोल घेऊन काळ्या चिमणीमागे फिरतो. त्याला काय हवंय हे संवादाआधीच दिसतं. सुरुवातीने एवढं केलं तरी पुष्कळ झालं.

शिकण्यासाठी महागडं सॉफ्टवेअर नको. 'दाविंची रिझॉल्व्ह'ची मोफत आवृत्ती पुरते. आवडत्या चित्रपटाचा एक प्रसंग आवाज बंद करून पाहावा आणि प्रत्येक कट कुठे पडतो ते वहीत लिहावं. नंतर फक्त आवाज ऐकावा. पुढच्या दृश्याचा आवाज चित्राआधी आला की त्याला 'जे-कट' म्हणतात. टाइमलाइनवर आवाजाची पट्टी डावीकडे थोडी पुढे सरकलेली दिसते. नवशिक्यांची तुटक दृश्यं एवढ्यानेही सांधली जातात.

फिल्म एडिटर वॉल्टर मर्च कट ठरवताना भावनेला पहिलं स्थान देतात, कंटिन्युइटी बरीच नंतर. तेव्हा कप डाव्या हातातून उजव्या हातात गेला म्हणून चांगला टेक फेकू नये.

शूटिंगआधी मोबाइलवर काढलेले फोटो जोडून फिल्मची सुरुवात तयार करावी आणि ती एखाद्या परक्या माणसाला दाखवावी. तो कुठे कंटाळतो ते टिपावं. मित्रांना विचारू नये, ते कौतुकच करतात.