अंगणातले टाके



यिर्मया संदेष्ट्याने आपल्या लोकांना बजावताना भेगा पडलेल्या टाक्यांची उपमा दिली आहे (यिर्मया २:१३). मिस्सामध्ये ते वाचन आपण ऐकतो आणि विसरूनही जातो, कारण आपल्या घरात नळ आहे. त्या काळच्या ऐकणाऱ्यांच्या मात्र पोटात गोळा उठला असेल. पवित्र भूमीत पाऊस हिवाळ्यातले काही महिनेच पडतो. लोक खडकात टाके खोदत, आतून चुन्याचा गिलावा करीत आणि साठलेले पाणी उन्हाळाभर पुरवीत. गिलाव्याला भेग पडली की पाणी खडकात झिरपून जाई. ते लक्षात येई उन्हाळ्यात, हाती काही उपाय उरलेला नसताना.

पावसाचे पाणी टाक्यात साठवून जगणारे लोक आजही आहेत. या रविवारी आपण ब्राझील देशाच्या ईशान्य भागाकडे पाहू या. तिथे हे काम गावोगावच्या साध्या माणसांनी उभे केले आणि त्यात ख्रिस्तसभेचाही हात होता.

दुष्काळ आणि टँकर

या भागात वर्षाला सरासरी ८०० मिलिमीटर किंवा त्याहून कमी पाऊस पडतो, तोही तीन-चार महिन्यांत. काही वर्षे तो येतच नाही. वरून ऊन इतके कडक की पडलेले बरेचसे पाणी उडून जाते. पुष्कळ ठिकाणी जमिनीखाली लगेच कातळ लागतो. विहिरीला पाणी थोडे आणि बहुधा खारट. १८७७ ते १८७९ च्या दुष्काळात इथे लाखो माणसे दगावली.

पुढे सरकारने मोठमोठी धरणे बांधली. पण त्यांचा लाभ बराचसा मोठ्या जमीनदारांना झाला. दूरच्या वस्तीवर राहणाऱ्या बाईला डोक्यावर भांडे घेऊन तळ्यापर्यंत चालावेच लागे. गुरे उतरलेले ते गढूळ पाणी पिऊन लहान मुलांना जुलाब होत. टँकर येई तो पुढाऱ्याच्या मर्जीने, आणि त्याची परतफेड मताने करावी लागे. तिथले लोक याला 'दुष्काळाचा धंदा' म्हणतात. टँकरची वाट पाहणे आपल्या महाराष्ट्रालाही नवे नाही.

गवंड्याची युक्ती

सर्जिपे राज्यातला मानुएल अपोलोनियो दी कार्व्हाल्यो हा गवंडी साव पावलो शहरात पोहण्याचे तलाव बांधायला गेला होता. तिथे शिकलेल्या कामातून त्याला एक युक्ती सुचली. गावी परतल्यावर त्याने साच्यात सिमेंटच्या वाकड्या फरश्या ओतल्या, त्या गोलाकार उभ्या केल्या, बाहेरून तार गुंडाळली आणि आतबाहेर गिलावा केला. अर्धे जमिनीत, अर्धे वर असे हे टाके कुठलाही गवंडी शिकून बांधू शकतो.

पाराइबा राज्यात काही गावांनी आपल्या भिशीसारखा निधी केला. एका कुटुंबाचे टाके झाले की ते थोडे थोडे पैसे परत करी आणि त्यातून शेजाऱ्याचे टाके उभे राही.

१९९९ साली रेसिफे शहरात वाळवंटीकरणावर संयुक्त राष्ट्रांची परिषद भरली. त्या वेळी शेतकरी संघटना, महिला मंडळे, कारितास आणि इतर संस्था एकत्र आल्या. दुष्काळ हटवता येत नाही, पण त्याच्यासोबत जगायला शिकता येते, अशी त्यांची भूमिका होती. त्यातूनच २००३ साली दहा लाख टाक्यांची योजना सुरू झाली. २००४ च्या प्रायश्चित्तकाळात ब्राझीलच्या बिशपांनी आपल्या वार्षिक बंधुता मोहिमेसाठी 'पाणी' हाच विषय घेतला. दहा लाखांचा आकडा पुढे खरोखर पार झाला.

हिशेब करू या

एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. ४० चौरस मीटरच्या कौलारू छपरावर ५०० मिलिमीटर पाऊस पडला तर २०,००० लिटर. पाचवा हिस्सा वाया गेला तरी १६,००० लिटर उरते, आणि टाके तेवढ्याचेच असते. पाच माणसांच्या घराला आठ महिने ते पुरवायचे म्हणजे रोज माणशी सुमारे १३ लिटर. पिणे आणि स्वयंपाक एवढ्यापुरतेच. आपल्या घरी एका आंघोळीला किती लागते, ते आठवावे.

टाके राखणे

टाके मिळण्याआधी त्या कुटुंबाला पाण्याच्या वापराचे शिक्षण घ्यावे लागते. नियम साधे आहेत. पहिल्या पावसाने छप्पर धुऊन निघेपर्यंत पन्हळीचा नळ टाक्यापासून बाजूला ठेवावा. झाकण सदैव बंद असावे. बादली आत सोडू नये. हातपंपाने पाणी काढावे. दरवर्षी पावसाआधी टाके घासून धुवावे, बाहेरून चुना द्यावा आणि भेग दिसताच बुजवावी. पाणी गाळून त्यात क्लोरीन टाकावे किंवा ते उकळावे. एवढे पाळले नाही, तर टाक्यातले पाणीही तळ्यातल्यासारखेच आजार देते.

२०११ साली सरकारने प्लॅस्टिकची तयार टाकी आणायला सुरुवात केली, तेव्हा हजारो शेतकरी रस्त्यावर उतरले. जे आपण बांधले ते आपण दुरुस्त करू शकतो. बाहेरून आणून ठेवलेले बिघडले की पुन्हा हात पसरावे लागतात, असे त्यांचे म्हणणे होते.

२०१२ ते २०१७ या काळात फार मोठा दुष्काळ पडला. पुष्कळ टाकी कोरडी पडली आणि टँकरने भरावी लागली. तरीही पूर्वीसारखे मृत्यूचे थैमान झाले नाही. त्यात गरिबांना मिळणाऱ्या सरकारी रोख मदतीचा वाटा होता, तसाच टाक्यांचाही. नंतरच्या वर्षांत योजनेचा पैसा आटत गेला. २०२३ पासून ती पुन्हा चालू झाली.

पिण्यास योग्य पाणी हा माणसाचा मूलभूत हक्क आहे, असे दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात सांगितले. ज्या बाईच्या अंगणात टाके आहे, तिला हंडाभर पाण्यासाठी कुणाच्या दारात उभे राहावे लागत नाही. ती मत देते ते आपल्या मनाने. टाक्यात पाण्याबरोबर तिचा मानही साठलेला असतो.

समूहाच्या बैठकीत विचार करू या

१. आपल्या घराच्या छपरावर पडणाऱ्या पावसाचे आपण काय करतो?
२. आपल्या धर्मग्रामात पाण्यासाठी दुसऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असलेली कुटुंबे कोणती? त्यांच्याकडे आपण शेवटचे कधी गेलो होतो?
३. एकाचे झाले की दुसऱ्याचे, अशा भिशीतून आपण पहिले टाके कुणाच्या अंगणात बांधू?