काचेसारखा पाऊस

घरीं आइस्क्रीम करितांना भांड्याभोंवतीं बर्फ व खडेमीठ भरतात, हें आपणांपैकीं पुष्कळांनीं पाहिलें असेल. तें मीठ कशासाठीं, असें मात्र थोडेच विचारतात. थंड देशांत हेंच मीठ हिंवाळ्यांत रस्त्यांवर पसरतात. तें कां, हें आज आपण पाहूं.

ढगापासून जमिनीपर्यंतची सर्व हवा पुरेशी थंड असली म्हणजे हिम पडतें. मध्येंच उबदार हवेचा थर असला तर हिम वितळून त्याचे थेंब होतात. त्याखालचा थंड थर जाड असेल तर ते थेंब वाटेंतच गोठून बर्फाचे कण होतात. पण तो थर पातळ असला तर विलक्षण प्रकार घडतो. थेंब शून्य अंशाहूनही थंड होतो, तरी गोठत नाहीं. आणि झाड, तार किंवा रस्ता यांस स्पर्श होतांच मात्र त्याचें बर्फ बनून तें तेथेंच चिकटतें.

सन १९९८ च्या जानेवारींत, ५ पासून १० तारखेपर्यंत, कॅनडाच्या पूर्व भागांत असा पाऊस थांबून थांबून पडत राहिला. सेंट लॉरेन्स नदीच्या खोऱ्यांत जड, थंड हवा बसली होती आणि मेक्सिकोच्या आखाताकडून आलेली उबदार, दमट हवा तिच्यावरून वाहत होती. एका थेंबाचें वजन तें काय! परंतु थरावर थर चढत गेले आणि त्या भारानें सुमारें १,००० पोलादी मनोरे व हजारों लांकडी खांब कोसळले. लक्षावधि लोकांची वीज ऐन थंडींत गेली. कांहीं ठिकाणीं ती परत येण्यास महिन्याहून अधिक काळ लागला. मदतीसाठीं सुमारें १६,००० सैनिक धाडावे लागले.

अशा वेळीं रस्ता फार फसवा होतो. हिम पांढरें असल्यानें दिसतें; पण हें बर्फ काचेसारखें पारदर्शक असतें. खालचा काळा रस्ता जसाच्या तसा दिसतो आणि तो नुसता ओला आहे असें वाटून मनुष्य निर्धास्तपणें पाऊल टाकतो. पुलांना खालूनही थंड वारा लागतो. म्हणून तेथें बर्फ आधीं धरतें.

येथें मीठ उपयोगी पडतें. खारें पाणी शून्य अंशावर गोठत नाहीं. म्हणून मिठानें रस्त्यावरील बर्फ वितळूं लागतें. आइस्क्रीमच्या भांड्याभोंवतींही हेंच घडतें. मात्र तेथील बर्फ वितळतांना भोंवतालची उष्णता शोषून घेतें आणि आंतील दूध गोठतें. गुण एकच, उपयोग दोन! थंडी फारच कडक झाली म्हणजे मिठाचें बळ पुरत नाहीं. तेव्हां पाय व चाकें घसरूं नयेत म्हणून वाळू टाकतात.

त्या संकटांत २५ हून अधिक माणसें दगावलीं. त्यांपैकीं कांहीं थंडीनें वा पडून नव्हे, तर ऊब व वीज मिळविण्यासाठीं बंद जागेंत चालविलेल्या साधनांच्या विषारी वायूनें गेलीं. कार्बन मोनॉक्साइड या वायूस रंग नाहीं, वास नाहीं. रस्त्यावरील बर्फाप्रमाणें तोही डोळ्यांस दिसत नाहीं.

आपल्याकडे रस्ते गोठत नाहींत; परंतु थंडीच्या रात्रीं दारें-खिडक्या लावून कोळशाची शेगडी जवळ ठेवून निजणारीं घरें आपल्याकडेही आहेत. तोच वायू तेथेंही उत्पन्न होतो. म्हणून विद्यार्थ्यांनीं हा धडा केवळ परीक्षेपुरता ठेवूं नये. आज घरीं गेल्यावर तो आजीआजोबांस समजावून सांगावा आणि निजण्यापूर्वीं शेगडी खोलीबाहेर नेऊन ठेवावी. डोळ्यांस न दिसणारें संकट ज्ञानास दिसतें. शिकण्याचें एक मोठें प्रयोजन हेंच होय.