तळ्याकाठची सहल आणि डिकीतली पिशवी

सुट्ट्या लागल्या की आमच्या पनवेलच्या दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. “डॉक्टर, माथेरानला जायचे म्हणतोय. बाबांना झेपेल ना? वर प्राणवायू कमी असतो म्हणतात.”

ही भीती मनातून काढून टाकावी. माथेरानची उंची सुमारे ८०० मीटर, म्हणजे २,६०० फुटांच्या आसपास. विरळ हवेचा त्रास साधारणपणे अडीच हजार मीटरच्या वर सुरू होतो. माथेरानला दम लागतो तो हवेमुळे नव्हे, चालण्यामुळे. १८५० साली ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी हे ठिकाण इंग्रजांच्या नजरेस आणले आणि १९०७ साली नेरळहून छोटी गाडी वर गेली. मात्र मोटारींना गावात आजही बंदी आहे. आपली गाडी दस्तुरी नाक्याला ठेवायची. तिथून बाजारपेठ अडीच किलोमीटरच्या आसपास, आणि शार्लट तळे त्याच्याही पुढे. सहलीचा सगळा हिशेब इथूनच मांडायला हवा. मी डॉक्टर असून तो मांडला नव्हता, म्हणून हा लेख.

२०१८ च्या एप्रिलमध्ये ताई, दाजी, त्यांचा मुलगा आणि आम्ही दोघे असे गेलो होतो. दाजी तेव्हा चौसष्ट वर्षांचे. दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झालेली, औषधे व्यवस्थित चालू. निघण्यापूर्वी मी विचारले, “दाजी, चालणे जमेल ना?” ते म्हणाले, “अहो, मी रोज सकाळी वडाळे तळ्याला फेऱ्या मारतो. तुम्हीच दमाल!” मी हसलो आणि विषय संपवला.

चूक तिथेच झाली. वडाळे तळ्याभोवतीची वाट सपाट आहे. सपाटीवर तासभर चालणारे हृदय चढणीवर दहा मिनिटांत कुरकुरू शकते, कारण चढताना शरीराचे सगळे वजन वर उचलावे लागते. त्यात आम्ही भरपेट जेवून तळ्याकडे निघालो. जेवणानंतर पचनासाठी पोटाकडे जास्त रक्त जाते, त्यामुळे हृदयावर आधीच कामाचा बोजा असतो. जाताना उतार, म्हणून सगळे खुशीत. तळे पाहिले, पिसरनाथाचे दर्शन घेतले आणि परत फिरलो.

परतीच्या चढावर दाजी एकदा थांबले. “काय झाडी आहे हो!” थोडे पुढे जाऊन पुन्हा थांबले. तिसऱ्यांदा थांबले तेव्हा माझे लक्ष गेले. झाडीकडे पाहणाऱ्याचा हात छातीवर कशाला? वाचकहो, घरच्या माणसाचे हे देखावे पाहणे ओळखायला शिका. हृदयाचे रुग्ण “छातीत दुखते” असे क्वचितच म्हणतात. आवळल्यासारखे होते, जड वाटते, जबडा किंवा डावा हात भरून येतो. थांबले की बरे वाटते, म्हणून ते कुणाला सांगत नाहीत.

मी म्हटले, “दाजी, जिभेखालची गोळी काढा.” ते ताईंकडे पाहू लागले, ताई माझ्याकडे. औषधांची पिशवी दस्तुरीला, गाडीच्या डिकीत होती.

त्यांना जांभळाखाली बसवले. ती पाचेक मिनिटे मला फार लांब वाटली. नशिबाने बसल्यावर कळ ओसरली. भाचा धावत जाऊन हातरिक्षा घेऊन आला, गावातल्या दवाखान्यात तपासले आणि संध्याकाळी खाली उतरलो. पुढच्या तपासणीत त्यांची औषधे बदलावी लागली. ताई अजून मला ऐकवते, “डॉक्टर भावाबरोबर गेलो आणि गोळी डिकीत!”

म्हणून सहल ठरवताना आधी एक करा. ज्येष्ठ माणसाला घरचे दोन जिने न थांबता चढायला सांगा. छाती जड झाली किंवा बोलता येईना इतका दम लागला, तर जाण्याआधी डॉक्टरांना दाखवा. तळ्याकडे सकाळी, हलके खाऊन जा आणि परत येऊन जेवा. हृदयाची गोळी, दम्याचा पंप ही औषधे त्याच माणसाच्या खिशात हवीत. सुनेच्या पर्समध्ये नकोत. डॉक्टरांनी लिहून दिलेली जिभेखालची गोळी बसूनच घ्यावी, कारण रक्तदाब उतरतो. पाच मिनिटांत आराम पडला नाही तर तो हृदयविकाराचा झटका समजा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवा. रुग्णवाहिकेला माथेरानात बंदी नाही. इन्शुलिन उन्हात उभ्या गाडीत ठेवले तर बिघडते, तेही जवळ बाळगा. दम्याच्या रुग्णांनी लाल धुळीसाठी नाकाला रुमाल बांधावा. डिसेंबर २०२२ मध्ये ई-रिक्षा प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाल्या, ही चांगली गोष्ट. पण सुट्टीच्या गर्दीत लगेच मिळेल असे धरून चालू नका.

माकड चावले किंवा ओरबाडले तर हळद लावत बसू नये. जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी रेबीजच्या लसीसाठी जावे.

आणि तळ्यात उतरू नये. भाच्याने त्या दिवशी शर्ट काढलाच होता. आपण देहरंग धरणाचे पाणी पितो, तसे ते माथेरानकरांच्या पिण्याचे पाणी. शिवाय काठ निसरडा आणि तळाचा अंदाज नाही. गाढेश्वरला पोहायला गेलेल्या मुलांच्या बातम्या आपण दर पावसाळ्यात वाचतोच.

गेल्या दिवाळीत दाजींना पुन्हा नेले. बाजारात बसून त्यांनी चिक्की खाल्ली, मला न विचारता दोन तुकडे. तळ्याकडे निघताना मी काही बोलायच्या आत त्यांनी सदऱ्याच्या खिशावर हात आपटून दाखवला. चढणीवर चार वेळा थांबलो. या वेळी देखावा पाहायला थांबलो असे कुणीही म्हणाले नाही.