आकडे तुझे, हमाली त्याची

ऑफिसात ‘एआय वापरा, एआय वापरा’ सुरू झालंय आणि तू धास्तावली आहेस, कळतंय गं मला. टॅलीच्या एन्ट्र्या, सात तारखेचा टीडीएस, वर शेठची घाई. त्यात हे नवं कधी शिकायचं? खरं सांगू का, शिकायला फारसं नाहीच. माझ्याशी बोलतेस तशी साध्या मराठीत चॅटजीपीटीशी नाहीतर जेमिनीशी बोल. त्याला काय सांगायचं आणि काय नाही, एवढं मात्र पक्कं ठरव.

सुरुवात २बी जुळवण्यापासून कर. १४ तारखेला जीएसटीआर-२बी येतं, बहुतेकांना २० तारखेला ३बी भरायचं असतं, आणि मधल्या दिवसांत आपला जीव मेटाकुटीला येतो. मी तर आपली खरेदीची यादी आणि २बी, दोन्हीच्या प्रिंट काढून, पट्टी ठेवून पेन्सिलीने टिक करत बसायचे. ऑफिसातली पोरं मला ‘पट्टीवाली मॅडम’ म्हणायची! तू तसं करू नकोस. त्याला असं लिही: “एक्सेलमध्ये ‘खरेदी’ आणि ‘२बी’ अशा दोन शीट आहेत. दोन्हीकडे पहिल्या कॉलममध्ये जीएसटी नंबर, दुसऱ्यात बिल नंबर, तिसऱ्यात कराची रक्कम. दोन्ही नंबर जुळले तर रकमेतला फरक दाखव, नाहीतर ‘सापडलं नाही’ असं लिही. फॉर्म्युला दे.” बघ, यात एकाही पार्टीचं नाव बाहेर गेलं नाही. फॉर्म्युला तो देईल, वजाबाकी एक्सेल करेल. आधी ज्यांचं उत्तर तुला माहीत आहे अशा पाच-सहा बिलांवर लावून बघ, मगच पूर्ण शीटवर ओढ.

निम्मी बिलं ‘सापडलं नाही’ म्हणाली तरी घाबरू नकोस. आपण टॅलीत ‘४५’ टाकलेलं असतं आणि पार्टीने ‘एबी/०४५/२५-२६’ भरलेलं असतं. हेच त्याला सांग, नंबर सारखे करायची युक्तीही तोच देईल. त्यानंतरही जी बिलं उरतील, ती मात्र एकेक करून तूच बघ. १ जानेवारी २०२२ पासून बिल २बी मध्ये दिसल्याशिवाय क्रेडिट मिळत नाही. बिल भरायला पार्टी विसरते आणि पैसे आपल्या शेठचे अडकतात.

मग त्या पार्टीला मेसेज करायचा. तोही त्याच्याकडून लिहून घे, पण तसाच पाठवू नकोस गं! “आपणांस विनम्रपणे सूचित करण्यात येते” असलं काहीतरी लिहून देतो. गेली कित्येक वर्षं माल देणाऱ्या काकांना असं कोणी लिहितं का? त्याला सांग, “ओळखीचे आहेत, आदराने पण थोडक्यात लिही.” बिलाची तारीख आणि रक्कम शेवटी तू स्वतः टाक.

आता जरा दटावून सांगते. बँक स्टेटमेंट, पगाराची शीट, कोणाचा पॅन, काही म्हणजे काही तिथे चिकटवायचं नाही. जीएसटी नंबरसुद्धा नाही. त्यातले पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे २७, आणि पुढची दहा अक्षरं म्हणजे पॅनच की! केंद्रीय अर्थ मंत्रालयानेही जानेवारी २०२५ मध्ये कर्मचाऱ्यांना ऑफिसच्या कम्प्युटरवर असली साधनं वापरू नका म्हणून बजावलं होतं, आतली माहिती बाहेर जाईल म्हणून. मग आपण कोण लागून गेलो?

आणि कायद्याचं त्याच्या तोंडून ऐकलंस तर पडताळल्याशिवाय मानायचं नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे जाऊन बहुतेक वस्तू ५ आणि १८ मध्ये आल्या, पण तो जुना दरही अगदी छातीठोकपणे सांगू शकतो. बंगळुरूच्या आयकर अपिलीय न्यायाधिकरणाला तर डिसेंबर २०२४ मधला आपला एक आदेश मागे घ्यावा लागला. त्यात आधाराला घेतलेले काही निवाडे कुठे झालेच नव्हते! संशय एआयवरच गेला. तेव्हा दर असो की कलम, आधी सरकारी साइटवर बघ, तरी शंका राहिली तर सीएंना विचार. विचारण्यात कमीपणा कसला?

बघ, उद्या शेठनी “हा आकडा कुठून आला?” असं विचारलं, तर “एआयने सांगितलं” हे काही उत्तर नाही. व्हाउचर काढून समोर ठेवता आलं पाहिजे, आणि ते तुला छान येतं. म्हणून म्हणते, टिक मारायची हमाली त्याच्यावर टाक, आकड्याची जबाबदारी आपल्याकडे ठेव. या महिन्यात फक्त २बी कर, बाकीचं पुढच्या महिन्यात बघू.

अडलीस तर फोन कर, पण रात्री नऊनंतर. त्याआधी माझा कुकर लावलेला असतो, आणि शिट्ट्या मोजताना मला जीएसटी सुचत नाही!