परदेशी जाणाऱ्या वधूची नख-त्वचा सिद्धता : वैद्य व औषधालयचालकांचे कर्तव्य

प्रस्तावना

आंबागडचा किल्ला असलेला तुमसर तालुका हा धानाचा मुलूख. अलीकडे येथील मुलींचे विवाह अमेरिका, इंग्लंड, ऑस्ट्रेलिया येथे नोकरी करणाऱ्या मुलांशी ठरू लागले आहेत. लग्नाची तारीख निघाली की आई मुलीला घेऊन वैद्याकडे येते. मुलीचा वर्ण उजळावा, नखे नीट दिसावीत आणि सोबत वर्षभराचे औषध बांधून मिळावे, एवढीच तिची अपेक्षा असते. विषय किरकोळ वाटतो. परंतु या मुलीच्या सामानात आपले शास्त्रही परदेशी जाते आणि वर्षभरात ती गर्भवती असण्याची शक्यता असते. म्हणून या विषयाचा क्रमवार विचार येथे करीत आहोत.

शास्त्रीय आधार

सुश्रुत व वाग्भट यांनी नखे ही अस्थिधातूचा मल मानली आहेत. अर्थात नखाची अवस्था पाहताना अग्नी, आहार व अस्थिधातू यांचा विचार अपरिहार्य ठरतो. चरकाचार्यांनी सद्वृत्तात पंधरवड्यातून तीन वेळा केश, श्मश्रू व नखे कापण्यास सांगितले आहे. सुश्रुतांच्या क्षुद्ररोगांत आपल्याला तीन व्याधी विशेष उपयोगी पडतात. नखालगतच्या मांसात दाह व पाक करणारा चिप्प, आघाताने नख रूक्ष, काळे व खरखरीत करणारा कुनख आणि दूषित चिखलाच्या स्पर्शाने बोटांच्या बेचक्यांत होणारा अलस. अलस म्हणजेच आपल्याकडील चिखल्या. रोवणीच्या दिवसांत बांधीत उभ्या राहणाऱ्या स्त्रियांच्या पायांकडे पाहिले असता सुश्रुतांचे निरीक्षण किती अचूक होते ते कळते.

प्रथम परीक्षण

हाताचे नख महिन्याला सुमारे तीन मिलिमीटर वाढते. ते मुळापासून टोकापर्यंत नवे होण्यास सहा महिने लागतात, तर पायाच्या नखास वर्ष ते दीड वर्ष लागते. त्यामुळे लग्नाच्या पंधरा दिवस आधी नखांसाठी पोटातून दिलेल्या औषधाचा परिणाम त्या दिवशी दिसणे शक्य नाही. आईला हे पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगावे.

नखावर रंग असल्यास तो उतरवूनच परीक्षण करावे. नख फिकट, पातळ अथवा चमच्यासारखे खोलगट असेल तर पांडू समजून रक्ताची तपासणी करवावी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. पूर्व विदर्भात सिकलसेलचे प्रमाण लक्षणीय आहे. म्हणून लोहाची कमतरता सिद्ध झाल्यावाचून नवायस लोह किंवा पुनर्नवा मंडूर सुरू करू नये. सिकलसेलची तपासणी वधूवरांनी विवाहापूर्वीच करून घेणे हिताचे, हेही याच भेटीत सांगावे. नख जाड, पिवळे व भुसभुशीत असल्यास ते खरवडून बुरशीची तपासणी करावी. नखाखाली नवीन उभी काळी रेषा दिसल्यास मात्र वेळ न घालविता त्वचारोगतज्ज्ञाकडे पाठवावे.

सहा महिन्यांची योजना

सहा महिने आधी : अग्नीचा विचार करून आहार ठरवावा. दूध, डाळी, तीळ, आवळा, हिरव्या भाज्या यांवर भर असावा. रोवणीत किंवा धुण्याभांड्यात हात सतत ओले राहत असतील तर काम संपताच ते कोरडे करून तिळाचे तेल चोळावे. चिप्पात पू झाला असेल तर केवळ लेपावर विसंबू नये, शल्यकर्म करवावे.

तीन महिने आधी : वर्णासाठी चरकोक्त वर्ण्य गणातील चंदन, उशीर, मंजिष्ठा, सारिवा, यष्टिमधु यांचा लेप द्यावा. त्यापूर्वी हाताच्या आतील बाजूस थोडा लावून दोन दिवस वाट पाहावी. लेपात बाकुची घालू नये आणि लिंबाचा रस लावून उन्हात जाऊ देऊ नये. या दोहोंनी उन्हात त्वचा भाजते व नंतर काळे डाग राहतात. त्वचेची कांती सुधारता येते, परंतु उपजत वर्ण बदलून देण्याचे आश्वासन कोणीही देऊ नये.

एक महिना आधी : टाचांच्या भेगांसाठी राळेचे मलम अथवा मेणयुक्त तेल द्यावे. नखांच्या मुळाशी असलेली कातडी कापू देऊ नये, कारण जंतुसंसर्गाला तेथूनच वाट मिळते. कृत्रिम नखे व जेलचा रंग यांतील ॲक्रिलेट द्रव्यांनी ॲलर्जी होऊ शकते. जेलच्या रंगात वापरले जाणारे टी.पी.ओ. हे द्रव्य युरोपीय संघाने १ सप्टेंबर २०२५ पासून सौंदर्यप्रसाधनांत वर्ज्य केले आहे.

शेवटचा आठवडा : शुद्ध मेंदी प्रथम नारिंगी दिसते आणि एक-दोन दिवसांत गडद होते. तासाभरात काळाभोर रंग देणाऱ्या ‘काळ्या मेंदी’त बहुधा पॅराफेनिलीनडायअमाइन हे केस रंगविण्याचे रसायन असते. त्याने फोड येतात, व्रण राहतात आणि पुढे आयुष्यभर केसांचा रंग सोसत नाही. जी-६-पीडी या विकराची उणीव असलेल्यांना शुद्ध मेंदीनेही रक्तकण फुटण्याचा धोका असतो. आणखी एक व्यवहाराची गोष्ट. व्हिसासाठी बोटांचे ठसे घेतात तेव्हा बोटांच्या टोकांवर मेंदी किंवा जखम नसावी अशी सूचना असते. ठशांची तारीख आधी विचारून मगच मेंदीचा दिवस ठरविण्यास सांगावे.

विषद्रव्यांचा प्रश्न

या लेखाचा गाभा येथे आहे. गोरेपणाच्या निनावी क्रीममधील पारा त्वचेतून शरीरात जाऊन मूत्रपिंडास इजा करतो. अकोल्यातील एकाच कुटुंबातील स्त्रियांना अशा क्रीममुळे मूत्रपिंडाचा विकार झाल्याचे २०२३ मध्ये उघड झाले. केरळातील मलप्पुरम जिल्ह्यातील वैद्यकीय तज्ज्ञांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळात मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट विकाराचे २२ रुग्ण नोंदविले. त्यांपैकी १५ जणांत त्याचा दुर्मिळ प्रकार होता व त्यांतील १३ जण गोरेपणाचे क्रीम वापरीत होते.

हे परक्यांच्या मालाविषयी झाले. आपल्या घरातही पाहिले पाहिजे. बोस्टन परिसरात विकल्या जाणाऱ्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा वा अर्सेनिक आढळल्याचा अहवाल २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. २०११-१२ मध्ये न्यूयॉर्क शहरात सहा गर्भवतींच्या रक्तात शिशाचे प्रमाण वाढलेले सापडले. त्या सर्वजणी आयुर्वेदीय औषधे घेत होत्या. शिसे वारेतून गर्भापर्यंत पोहोचते. सासरी एकटी असलेली मुलगी माहेरच्या वैद्याने दिलेली पुडी विश्वासाने घेते, हे ध्यानात ठेवावे. रसशास्त्राचा आदर राखूनही आम्ही म्हणू की, परदेशी जाणाऱ्या नववधूस केवळ सौंदर्यासाठी रसकल्प देऊ नयेत. हरताळयुक्त केशनाशक लेप व सिंदूरयुक्त मलमे तर कटाक्षाने टाळावीत.

सिंदूराबाबतही सावध असावे. अमेरिकेतील न्यू जर्सी व भारत येथून घेतलेल्या ११८ नमुन्यांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांपैकी न्यू जर्सीच्या ८३ टक्के व भारतातील ७८ टक्के नमुन्यांत शिसे होते. हळदीपासून केलेले खात्रीचे कुंकू द्यावे. सुरमा, तसेच घटकद्रव्ये न लिहिलेले काजळ सामानात नसावे.

औषधालयचालकांसाठी

१. सुटी चूर्णे व चिठ्ठी नसलेल्या बाटल्या परदेशी जाणाऱ्यास देऊ नयेत. उत्पादकाचे नाव, परवाना व बॅच क्रमांक, घटक आणि मुदत यांसह मूळ वेष्टनच द्यावे.

२. निर्यातीच्या वनस्पतिजन्य औषधांस १ जानेवारी २००६ पासून जड धातूंची तपासणी आवश्यक झाली. शिसे १०, अर्सेनिक ३, पारा १ व कॅडमियम ०.३ भाग प्रतिदशलक्ष या मर्यादांत बसल्याचा अहवाल उत्पादकाकडे मागावा.

३. विमानात हातातील सामानात तेलाची बाटली १०० मिलिलिटरपेक्षा मोठी चालत नाही. मोठी बाटली घट्ट बांधून मोठ्या सामानात ठेवावी.

४. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथे वनस्पतिद्रव्ये उतरताच जाहीर करावी लागतात. मुळे, बिया, सुकी पाने लपवून नेल्यास दंड होतो.

५. वैद्याने वनस्पतींची शास्त्रीय नावे लिहिलेली चिठ्ठी सोबत द्यावी. गर्भ राहिल्याचे कळताच सर्व औषधे थांबवून तेथील डॉक्टरांस ती दाखवावी, असे त्या चिठ्ठीवर ठळक लिहावे.

उपसंहार

वधूची सिद्धता म्हणजे तिचे रक्त, अग्नी व त्वचा सुस्थितीत असणे. नखांची कांती त्यामागून येते. सहा महिने आधी आलेल्या मुलीस आपण पुष्कळ देऊ शकतो. पंधरा दिवस आधी आलेल्या मुलीस निदान अपाय होऊ न देणे तरी आपल्या हाती आहे. वैद्यबंधुभगिनींनी आपल्या गावी लग्नसराईपूर्वीच ही माहिती पालकांपर्यंत पोहोचवावी, ही विनंती.