पहिल्या हंगामातील जलतरण

प्रश्न : सात वर्षांची मुलगी यंदा उन्हाळी जलतरण-संघात दाखल झाली, शर्यतीत नेहमी शेवटी येते. नाव काढावे काय?
— एक माता, अमरावती

उत्तर : बिलकूल काढू नये. १९१४ साली श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ स्थापन झालेल्या या नगरीत आपली कन्या पोहते, हे भाग्यच. आणि प्रथम हंगामात घड्याळाच्या निकालापेक्षा, पाण्यात तोंड बुडवून निःशंकपणे श्वास सोडणे व मान न उचलता, कुशीवर वळून तो घेणे, हीच खरी कमाई समजावी, कारण मान उचलली की कंबर खाली जाते आणि गती मंदावते. पारा ४५ अंशांना भिडणाऱ्या वऱ्हाडात सराव सकाळीच व्हावा. पोहतानाही घाम येतो, सबब पाणी पाजावे. शर्यतीनंतर क्रमांक मात्र विचारू नये, ही कळकळीची विनंती.